ओंजळभर हवा

तारकर्ली असो की अंदमान, स्कूबाच्या होडीवर बसलेल्या चष्मेवाल्याला समुद्राच्या खोलीची तेवढी काळजी नसते. चष्मा कुणाच्या हाती द्यायचा याची असते. पाठीवर सिलिंडर चढलेला असतो, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा आवळलेला असतो, पायांत फिन्स अडकवल्यामुळे उठून दोन पावलं टाकायची सोय उरलेली नसते. राहिला फक्त मास्क. पण मास्क चढवायचा तर आधी चष्मा उतरवायला हवा, आणि या दोहोंच्या मधली जी चारदोन मिनिटं असतात, नेमकी तीच साधून प्रशिक्षक शेवटची उजळणी घेतो. अंगठा वर केला म्हणजे ‘वर चला’. त्याला ‘झकास’ समजायचं नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला म्हणजे ‘ठीक’. पंजा आडवा धरून डुलवला म्हणजे ‘काहीतरी बिनसलंय’. पाण्याखालची सगळी बोलीच हातांची. ती शिकवतातही हातांनीच, आणि ज्याला ती सगळ्यांत जास्त लागणार त्याला त्या वेळी समोरचे हातच दिसत नसतात.

माझा नंबर उणे साडेसहा. एकाला साडेसहाने भागलं की मीटरमध्ये उत्तर येतं, सुमारे पंधरा सेंटिमीटर. माझं रेखीव जग तिथे संपतं. १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग समोर भर समुद्रात उभा असतो, पण चष्मा उतरवला की पाटीवर ओलं फडकं फिरवल्यावर उरतो तसा एक करडा पट्टा तेवढा उरतो. होडीवरची माणसं आवाजावरून ओळखायची. कोण हसतंय, कोण आपल्याकडे बघून बोलतंय, पुढे आलेला हात कशासाठी आलाय, सगळं अंदाजाने. जन्मभर चष्मा लावणाऱ्याला त्याच्याशिवाय ऐकूसुद्धा कमी येतं म्हणतात. यात तथ्य आहे. समोरच्याचे ओठ दिसले नाहीत की शब्द अर्धेच पोचतात.

मालवणच्या होडीवाल्या दादाने माझ्यापुरता हा प्रश्न सोडवून टाकला होता. “ताई, चष्मो हंय द्या. पाण्यात पडलो तर मासो घालून फिरतलो.” त्याने तो आपल्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. डब्यात आधीच दोन चष्मे होते, एकमेकांत पाय गुंतवून पडलेले. झाकण लावलं, डबा पिशवीत, पिशवी खुंटीला. समुद्रातून वर आल्यावर तो चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा फ्रेमला तिरफळाचा वास येत होता. सकाळच्या बांगड्याच्या कालवणाचा असणार.

आत चष्मा घालूनच वरून मास्क का लावत नाहीत, असं माझ्या भाचीने विचारलं होतं. तिला चष्मा नाही, म्हणून हा प्रश्न पडतो. मास्कच्या कडेला सिलिकॉनची मऊ झालर असते. ती कपाळाला, कानशिलांना, गालांना आणि वरच्या ओठाला एकसंध चिकटली तरच पाणी बाहेर राहतं. चष्म्याची दांडी तिच्याखालून कानाकडे जाणार म्हणजे तिथे फट पडणार. केसांची एक बट अडकली तरी मास्क ठिबकायला लागतो; मिशीवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. काही खटपटे लोक जुन्या चष्म्याच्या दांड्या कापून नुसती फ्रेम मास्कच्या आत बसवतात. टाकाऊतून टिकाऊ करण्याला माझी एरवी ना नसते, पण डोळ्यापासून दोन बोटांवर सैल काच हिंदकळत असताना मला मासे बघायचे नाहीत.

नंबरचे पोहण्याचे गॉगलही मिळतात, आणि स्वस्त मिळतात. पोहण्याच्या तलावात ते उत्तम. खोल पाण्यात मात्र ते घातक, कारण नाक त्यांच्या बाहेर राहतं. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढत जातो, गॉगलमधली हवा आक्रसते, आणि ती भरून काढायला दुसरं काही नसल्यामुळे डोळाच ओढला जातो. बारीक रक्तवाहिन्या फुटून डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा लालभडक गोळा होतो. मास्कमध्ये नाक आत असतं. खाली जाता जाता नाकाने हलकासा उच्छ्वास सोडला की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. जॅक कूस्तोने १९३६ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, तुलाँजवळ, पहिल्यांदा पाण्याखाली पाहिलं ते गॉगलमधूनच. पण एमिल गान्याँच्या साथीने त्याने १९४३ मध्ये पाठीवर हवा घेऊन श्वास घेण्याचं यंत्र तयार केलं आणि माणूस खाली रेंगाळायला लागला, तेव्हा नाकाला काचेच्या आत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आता यातला जो भाग मला सगळ्यांत आवडतो त्याकडे येते. शाळेत मी ढापणी होते. वर्गात पहिल्या बाकावर, खो-खोत राखीव, संमेलनाच्या नाचात मागच्या रांगेत, कारण नाचताना चष्मा काढायचा म्हणजे रांगच चुकायची. चांगल्या नजरेच्या माणसांत एक बेफिकिरी असते. त्यांना ती आहे हे कळतही नाही. सकाळी उठून ती सरळ खिडकीबाहेर बघतात. उशाशी चाचपडावं लागत नाही.

या माणसांना पाण्याखाली उघडे डोळे करायला सांगावं.

डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण साठ डायॉप्टरची. त्यातली चाळिसाहून अधिक एकट्या कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक घुमटाची. आतलं भिंग, ज्याला आपण मोतीबिंदूच्या निमित्ताने ओळखतो, ते उरलेलं काम करतं. पण कॉर्निया प्रकाश वळवू शकतो तो त्याच्यापुढे हवा असते म्हणून. हवेचा अपवर्तनांक १, कॉर्नियाचा १.३७ च्या आसपास. या फरकावर सगळी मदार. पाण्याचा १.३३. पाण्यात शिरलं की फरक जवळपास संपतो आणि प्रकाशाचे किरण कॉर्नियातून न वळता सरळ आत जातात. सहा बाय सहा नजरेच्या माणसाला तिथे अधिक चाळीसच्या वर नंबर लागतो. असला चष्मा कोणी बनवून देत नाही. वैमानिक होण्याइतकी तीक्ष्ण नजर असो की देवळाची पायरी चाचपडत चढणारी आजी असो, लाटेखाली दोघांचंही जग सारखंच विरघळतं.

अगदी सारखंसुद्धा नाही. माझ्यासारख्या उणे नंबरच्या डोळ्यात ताकद गरजेपेक्षा जास्त असते. जमिनीवर तोच त्याचा दोष. पाण्यात चाळिसाचं दिवाळं निघाल्यावर ती साडेसहाची जास्तीची शिल्लक कामी येते आणि मला चांगल्या नजरेच्या माणसापेक्षा किंचित कमी धूसर दिसतं. वासरांत लंगडी गाय शहाणी. दिसतं म्हणजे काय, तर डागांच्या जागी जरा लहान डाग. पण आयुष्यात कुठेतरी एक इयत्ता अशी आहे जिथे ढापणी वरच्या नंबराने पास होते, हे कळल्यावर मला झालेला आनंद माझ्या वयाला शोभणारा नव्हता.

मासे हा प्रश्न त्यांच्या परीने सोडवून बसले आहेत. कॉर्नियाचा उपयोग नाही म्हटल्यावर त्यांनी सगळी भिस्त आतल्या भिंगावर टाकली आणि ते पूर्ण गोल केलं. माशाचं डोकं चोखून खाणाऱ्या कोकणी माणसाला हे भिंग नावाने माहीत नसलं तरी दाताला माहीत असतं: शिजलेल्या डोळ्यातून निघते ती पांढरी, कडक, गोल गुठळी, जी ताटाच्या कडेला ठेवली जाते. आपण जवळचं बघताना भिंगाचा फुगवटा वाढवतो. बहुतेक मासे भिंगाचा आकार न बदलता ते अख्खंच मागेपुढे सरकवतात. नंबरची कटकट नाही, पण बिचाऱ्यांना होडीवर आणून ठेवलं तर आमच्यासारखेच.

मास्क काय करतो, तर डोळ्यापुढे पुन्हा हवा आणून ठेवतो. त्याची काच सपाट असते. तिला स्वतःचा काही नंबर नसतो. ती फक्त पाणी अडवते. दिसतं ते तिच्यामागे कोंडलेल्या ओंजळभर हवेमुळे. म्हणजे खाली उतरलेला प्रत्येक जण चष्मा लावूनच उतरतो, माझी भाचीसुद्धा. तिच्या चष्म्यात हवा आहे आणि माझ्यात हवेशिवाय आणखी थोडी काच, एवढाच काय तो फरक.

ती आणखी थोडी काच मिळेपर्यंत मी साध्या मास्कने उतरले होते. मालवणला पर्यटकांची जी डुबकी असते तिला पोहता येण्याचीही अट नसते. मागून प्रशिक्षक सिलिंडर धरून असतो आणि तो नेईल तिकडे आपण जायचं. नंबर किती, हे बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही. विचारायला हवं. वजन विचारतात, दमा विचारतात, आणि डोळ्यांचा विषयच निघत नाही. ज्यांचा नंबर एकदीडच्या आत आहे त्यांचं साध्या मास्कवर भागतं, कारण सपाट काचेतून पाण्यातली वस्तू तीनचतुर्थांश अंतरावर असल्यासारखी आणि एकतृतीयांशाने मोठी दिसते. शिवाय आपल्या किनाऱ्यालगत पाणी फार नितळ नसतंच; काही मीटरनंतर चांगल्या नजरेलाही हिरव्या धुक्यापलीकडे दिसत नाही. माझ्या पंधरा सेंटिमीटरमध्ये पाण्याने तीनचार सेंटिमीटरची भर घातली. लग्नातल्या आहेरासारखी तीही नाकारली नाही.

पण तेवढ्यातही पाहिलंच. सार्जंट मासे, पिवळट अंगावर काळे उभे पट्टे असलेले, होडीवाल्यांनी पावाच्या तुकड्यांची सवय लावल्यामुळे माणसाच्या तोंडापाशी घोटाळतात. (ही सवय लावणं वाईटच. १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या समुद्रात पाव टाकायचा म्हणजे काय.) माझ्यासाठी ते आधी नुसती पिवळी हालचाल असत. मग त्यातला एक काचेला जवळजवळ लागेल इतका पुढे येई आणि एकाएकी रेखीव होई: पाचही पट्टे, कल्ल्याची झडप उघडतेय-मिटतेय, डोळ्याभोवतीची बारीक कडी. एक वीतभर अंतर ओलांडलं की पुन्हा पिवळी हालचाल. मी एका वेळी एकच मासा पाहिला. बाकीच्यांनी थवा पाहिला. वर आल्यावर ते थव्याबद्दल बोलत होते आणि माझ्याकडे सांगायला एका माशाचा गाल होता.

नंबरचा मास्क मिळतो, हे मला आमच्या चष्म्याच्या दुकानात कोणी सांगितलं नाही; स्कूबाचं सामान विकणाऱ्याने सांगितलं. दोन स्वतंत्र काचांचा मास्क घ्यायचा, त्याच्या साध्या काचा काढायच्या आणि तयार नंबरच्या काचा बसवायच्या. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने येतात. अडचण सिलिंड्रिकल नंबरची. तयार काचांत तो नसतो, म्हणून त्याचा निम्मा आकडा साध्या नंबरात मिळवतात. मला एकचा सिलिंड्रिकल आहे. निम्मा झाला अर्धा. उणे साडेसहाचे उणे सात. हा हिशेब दुकानदाराने बिलाच्या मागच्या बाजूला करून दाखवला आणि म्हणाला, “मॅडम, माशांना तुमचा ॲक्सिस कळत नाही.” ज्यांचा सिलिंड्रिकल मोठा आहे त्यांना हे चालत नाही. त्यांच्यासाठी मास्कच्या काचेवर आतून खास घडवलेलं भिंग चिकटवून देतात. ते महाग, आणि एकदा चिकटवलं की मास्क बदलला तर भिंगही गेलं.

कॉन्टॅक्ट लेन्सचा मार्ग सोपा आहे आणि बरेच जण तोच घेतात. मऊ लेन्स चालतात. जुन्या पद्धतीच्या कडक लेन्सखाली मात्र वर येताना अंगातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनचे बुडबुडे अडकतात, डोळा खुपतो, अंधूक दिसतं, हे चाचण्यांत दिसून आलेलं आहे. मऊ लेन्स घातलेल्याने मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे घट्ट मिटून घ्यायचे, म्हणजे लेन्स समुद्रार्पण होत नाही. आणि त्या दिवशीची लेन्स त्याच दिवशी फेकून द्यायची, कारण पाण्यात अकँथमिबा नावाचा एक जीव असतो, तो लेन्सखाली मुक्कामाला राहिला तर कॉर्निया पोखरतो. हे वाचल्यापासून मी मास्कवाली. लेसरचा सल्ला देणारेही भेटतात. माझा कॉर्निया पातळ आहे म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं, विषय मिटला. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी डॉक्टर सांगतील तितके दिवस पाण्यापासून लांब राहावं. उणे मोठ्या नंबरवाल्यांनी मात्र उतरण्याआधी पडदा तपासून घ्यावाच, कारण लांबट डोळ्यात तो ताणलेला असतो. आणि पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत ना समुद्र ना विमान. दाब बदलला की बुडबुडा बदलतो, आणि दृष्टीच जाऊ शकते. यात तडजोड नाही.

उणे सातच्या त्या काचा लावून मी अंदमानात उतरले, हॅवलॉकला, ज्याला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. चष्म्याच्या उणे काचेने मला जन्मभर जग थोडं लहान करून दाखवलं होतं; पाणी सगळं मोठं करून दाखवत होतं. हात पुढे केला तर तो आपल्याला वाटतं त्याहून अलीकडेच थांबतो, वस्तू अजून पुढेच असते. भाची दोनतीनदा चुकली. मी चुकले नाही. नवा नंबर लागल्यावर दुकानाची पायरी उतरताना जमीन कुठे आहे हे पायाने विचारत जाण्याची सवय असलेल्या माणसाला यात नवं काही नसतं.

एका गोलसर प्रवाळाच्या दगडावर रंगीत शंकूंच्या जोड्या उगवल्या होत्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान. निळी एक जोडी, पिवळी एक, एक पांढुरकी. इंग्रजीत त्यांना ख्रिसमसच्या झाडाचं नाव आहे; तो एक किडा आहे, प्रवाळात नळी करून राहणारा, आणि बाहेर दिसतात ते त्याचे कल्ले. प्रत्येक शंकूवर पिसांचं चक्र खालून वर निमुळतं होत गेलेलं, आणि प्रत्येक पीस वेगळं. मी त्यांच्यावर वाकले. माझी सावली दगडावर सरकली मात्र, तिन्ही जोड्या एका क्षणात आत. दगड मोकळा. त्या कल्ल्यांवर डोळे असतात. त्यांना आकार दिसत नाही, सावली कळते, आणि त्यांच्या आयुष्याला तेवढं पुरतं. मी बाजूला सरून थांबले. आधी पिवळी आली, चाचपत, अर्धी. निळीने बराच वेळ घेतला. एवढी काच, एवढा हिशेब, एवढा खर्च करून मी बघायला गेले होते, आणि सावलीपलीकडे काही न दिसणाऱ्या किड्याने मला आधी बघितलं होतं.

लाल रंगाला मात्र कुठला नंबर लागू पडत नाही. पाचएक मीटरनंतर तो विझायला लागतो, त्याच्यामागोमाग केशरी, आणि खोलवर सगळं निळ्याकरड्यात जातं. टॉर्च मारला की तेवढ्या वर्तुळात लाल परत येतो. भाचीच्या नखांना लाल पॉलिश होतं. खाली ते काळपट तपकिरी झालेलं पाहून ती वर आल्यावर दुकानाला शिव्या घालत होती.

याच अंदमान समुद्राच्या पलीकडच्या काठाला, थायलंड आणि म्यानमारच्या बेटांवर, मोकेन लोक राहतात. होडीवर वाढलेली माणसं. त्यांची मुलं मास्कशिवाय, उघड्या डोळ्यांनी तळातले शिंपले, कालवं, समुद्रकाकड्या वेचून आणतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या ॲना गिस्लेन यांनी सुरिन बेटांवर जाऊन या मुलांची नजर पाण्याखाली मोजली आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. युरोपीय मुलांपेक्षा दुपटीने बारीक रेघा त्यांना ओळखता येत होत्या. डोळा तोच, कॉर्निया तसाच निकामी. फरक इतकाच की पाण्यात आपली बाहुली मोठी राहते, आणि ही मुलं ती आवळून दोन मिलिमीटरच्याही आत आणतात, आणि त्याच वेळी आतल्या भिंगाला शक्य तेवढा फुगवटा देतात. पुढे गिस्लेन यांनी स्वीडनमधल्या मुलांना सराव दिला, तर त्यांनाही ते जमलं. म्हणजे रक्तात काही खास नाही. लहानपणी समुद्र मिळाला पाहिजे.

बाहुली आवळण्याची ही युक्ती वाचताना मला आमचा वर्ग आठवला. चष्मा लागण्याआधीचं अख्खं वर्ष मी फळा असाच वाचला होता, पापण्या मिटत मिटत मध्ये एक चीर ठेवून. बारीक छिद्रातून आलेला प्रकाश कमी पसरतो, अक्षराला कड येते. बाई म्हणायच्या, “डोळे काय मिचकावतेस?” मोकेन मुलं बाहुलीने करतात ते मी पापणीने करत होते, आणि हे मला कोणी शिकवलं नव्हतं. डोळ्याला बघायचं असतं. त्याला जे साधन हाती लागेल ते तो वापरतो.

मोकेनांची ही नजर मोठेपणी टिकत नाही. भिंग कडक होत जातं, फुगवटा घेईनासं होतं. तिथली मोठी माणसं वरूनच भाल्याने मासे मारतात. समुद्रावर जन्मलेल्यालाही चाळिशी चुकलेली नाही.

प्रशिक्षणात एक परीक्षा असते. तळाशी गुडघे टेकून बसायचं आणि मास्क पूर्ण काढायचा. तोंडातला रेग्युलेटर तसाच. श्वास चालू ठेवायचा. मग मास्क पुन्हा चढवायचा, वरची कड कपाळावर दाबून धरायची, मान वर करायची आणि नाकाने जोरात हवा सोडून आतलं पाणी खालून बाहेर काढायचं. करून दाखवायला एक मिनिट लागत नाही. पण इथे चांगल्या नजरेची माणसं अडतात. भाची, जी दहावीपासून ट्रेकला जाते, कड्यावरून दोर लावून उतरते, तिने मास्क काढला आणि तिचे हात पाण्यात काहीतरी शोधायला लागले. छाती भरभर वरखाली. श्वासाच्या बुडबुड्यांचा सपाटा. जग असं कडा सोडून वाहून गेलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं. प्रशिक्षकाने तिचं मनगट धरलं तेव्हा ती थांबली.

माझी पाळी आली तेव्हा मी मास्क काढला आणि समोर जे होतं ते माझ्या ओळखीचं होतं. रोज सकाळी उशाशी चष्मा सापडेपर्यंत मी तिथेच राहते. काळा उंच डाग म्हणजे प्रशिक्षक, त्याच्या शेजारचा लहान डाग म्हणजे भाची, आणि वर उजेड. डागाला हात फुटला आणि त्याने बोटांचा गोल केला असावा. मीही केला. धूसरपणात माणसं कशी ओळखायची, कोणाच्या हालचालीवर भरवसा ठेवायचा, आपल्याला दिसत नाही म्हणून जग नाहीसं झालेलं नाही हे अंगात कसं मुरवायचं, याचा सराव मला चौथीपासून होता. वर आल्यावर भाची म्हणाली, “मावशी, तुला भीती नाही वाटली?” मी म्हटलं, “तुम्ही लोक पहिल्यांदा आलात, आम्ही इथलेच.” तिने पाणी उडवलं.

आता माझ्यापुढे वेगळाच पेच आहे. हवेचा काटा वाचता येत नाही. सिलिंडरमध्ये दोनशे बार हवा घेऊन उतरतात आणि पन्नास उरले असताना पृष्ठभागावर यायचं असतं. मधल्या वेळात तो काटा सतत बघावा लागतो. जमिनीवर उणे नंबरच्या माणसाची चाळिशी सुखाची: बारीक अक्षर आलं की चष्मा कपाळावर सरकवायचा आणि उघड्या डोळ्यांनी वाचायचं. समुद्रात मास्क कपाळावर सरकवता येत नाही. वरच्या पाण्यातसुद्धा नाही, कारण कपाळावर मास्क घेतलेला माणूस दिसला की बाकीचे पाणबुडे तो संकटात आहे असं समजून धावतात. काटा भाचीपुढे धरते, ती बोटांनी आकडा दाखवते. पण दर वेळी तिला फुलपाखरी माशापासून ओढून आणायचं म्हणजे तिच्या डुबकीचा विचका.

यावर उपाय आहे. मास्कच्या काचेच्या खालच्या भागात, आतून, वाचायच्या नंबरची छोटी चकती बसवतात, बायफोकलसारखी. वर मासे, खाली काटा. नंबर काढून घ्यायला आमच्या नेहमीच्या ऑप्टिशियनकाकांकडे गेले. त्यांनी विचारलं, “ताई, काटा डोळ्यापासून किती लांब धरता?” मी हात वाकवून दाखवला. त्यांनी टेप लावली, चाळीस सेंटिमीटर. मग मी त्यांना सांगितलं की पाण्यात तो तिसावरच आहे असं डोळ्याला वाटणार, अक्षर मोठं दिसेल खरं, पण डोळ्याला जोर जास्त पडेल. काकांनी टेप खाली ठेवली.

“म्हणजे पाण्यात हात आखूड होतो?”

“पाव हिश्शाने.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्डावरचा आकडा खोडला, वर दुसरा लिहिला, त्याच्यापुढे कंसात ‘समुद्र’ असं लिहिलं आणि विचारलं, “ॲडव्हान्स किती देताय?”